दवाखान्याच्या पैशातून सल्लागाराला किती? विचारायला शिकू या

आरोग्याच्या पानावर आपण एरवी साखर, रक्तदाब, क्षयरोग, बाळाच्या लसी यांबद्दल वाचतो. या वेळचा पाठ पैशाचा आहे. पण तो आरोग्याचाही आहे, कारण दवाखान्यात औषध असणार की नाही, सिस्टर एक असणार की तीन, हे आजारावर ठरत नाही. ते पैसा कुठे गेला यावर ठरते.

सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, अकराला डॉक्टरांपुढे पोचायचे आणि हातात चिठ्ठी पडायची : हे इंजेक्शन बाहेरून आणा. सोनोग्राफीचे विचारावे तर तंत्रज्ञाची जागा रिकामी, पुढच्या महिन्याची तारीख घ्या. वस्तीतल्या घरांना हा अनुभव नवा नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, निधी नाही. ते उत्तर काही वेळा खरे असतेही. पण त्याच खात्याच्या दुसऱ्या एखाद्या फायलीत बाहेरच्या सल्लागाराचे बिल मंजूर होत असेल, तर ते रांगेतल्या माणसाला दिसत नाही. औषधाचे रिकामे कपाट दिसते, सल्लागाराचे बिल दिसत नाही. ते बिल पाहायला कसे मागायचे, हे आज आपण शिकणार आहोत.

सल्लागार म्हणजे कोण?

सरकारी खात्यात कायम नोकरीची माणसे असतात. एखाद्या कामाचे ज्ञान त्यांच्याकडे नसेल, तर खाते बाहेरची व्यक्ती किंवा कंपनी ठराविक मुदतीसाठी नेमते. तिला सल्लागार म्हणतात. नव्या रुग्णालयाचा आराखडा, संगणकावर केसपेपर ठेवण्याची प्रणाली, निविदेची कागदपत्रे, खासगी भागीदारीचा करार, एखादे सर्वेक्षण, जनजागृतीची मोहीम अशा कामांसाठी सल्लागार घेतले जातात.

औषध पुरवणारा व्यापारी किंवा सफाईचा ठेकेदार हा सल्लागार नव्हे. फरक नीट समजून घ्या. व्यापाऱ्याने हजार सलाईनच्या बाटल्या दिल्या, तर त्या मोजता येतात. कमी भरल्या तर भांडारपालाला कळते. सल्ला मात्र बाटलीसारखा मोजता येत नाही. सल्लागार दिवसाचा किंवा महिन्याचा दर लावतो, कधी एका अहवालाची ठोक रक्कम घेतो. तो अहवाल कामाचा होता का, तेच काम खात्यातल्या माणसाने केले असते का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून या खर्चाचा हिशेब इतर खर्चापेक्षा जास्त उघडा असायला हवा. प्रत्यक्षात तो जास्त झाकलेला असतो.

बाहेरचा प्रत्येक सल्ला वाईट असे आमचे म्हणणे नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बाळे दगावली. वायरिंग, ऑक्सिजनची नळी, बाहेर पडण्याचा रस्ता हे सगळे तपासायला आगीच्या कामातला जाणकार लागतो. तो डॉक्टरांत किंवा परिचारिकांत मिळणार नाही. अशा जाणकाराला पैसे देणे योग्यच आहे. प्रश्न त्यापुढचा असतो : त्याने काय सांगितले, आणि सांगितलेले झाले का?

कॅनडात काय घडले

हा प्रश्न गरीब देशांपुरता आहे असे कोणाला वाटेल, म्हणून एका श्रीमंत देशाचे उदाहरण घेऊ. कॅनडात ओंटारियो नावाचा प्रांत आहे. टोरांटो हे मोठे शहर याच प्रांतात येते. तिथे उपचाराचा मुख्य खर्च सरकार करते. प्रत्येक रुग्णाची आरोग्यनोंद संगणकावर आणायची, म्हणजे एका दवाखान्यातला अहवाल दुसऱ्या दवाखान्यात लगेच दिसेल, असे तिथल्या सरकारने ठरवले. विचार चांगला होता. आपल्यालाही तो हवासा वाटेल, कारण जुने कागद पिशवीत घालून एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरणारी माणसे आपणच आहोत.

या कामासाठी २००२ पासून एक सरकारी संस्था होती. २००८ मध्ये तिच्या जागी 'ई-हेल्थ ओंटारियो' ही नवी संस्था आली. २००९ मध्ये तिच्या खर्चाचे कागद बाहेर येऊ लागले. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा तिथेही आहे. विरोधी पक्षांनी आणि पत्रकारांनी त्याचा उपयोग केला. मोठमोठी कामे निविदा न काढता दिलेली निघाली. दिवसाला सुमारे २,७०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने लाखाच्या वर रुपये घेणाऱ्या सल्लागाराने चहा आणि बिस्किटांचे पैसेही सरकारकडून वेगळे घेतले होते. लोकांचा संताप झाला तो या चहा-बिस्किटांवरून. कोट्यवधींचा आकडा सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. चहाचा कप लगेच उभा राहतो.

त्या प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी ऑक्टोबर २००९ मध्ये अहवाल दिला. २००२ पासून या कामावर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च झाले आणि त्या मानाने जनतेच्या पदरात फारसे काही पडले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या अहवालातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. २००८ पर्यंत आरोग्य मंत्रालयाच्या या कामाच्या शाखेत कायम कर्मचारी ३० हून कमी होते आणि सल्लागार ३०० हून अधिक. काही सल्लागार तर वरिष्ठ व्यवस्थापनाच्या जागांवर बसले होते. म्हणजे कामावर देखरेख करायची ज्यांनी, तेही बाहेरचेच. घरमालकाला बांधकामातले काही कळत नाही, मिस्त्री स्वतःच माप घेतो, स्वतःच बिल लावतो, आणि बिल बरोबर आहे का हे सांगायला मिस्त्रीचाच भाऊ बसलेला आहे, अशी ती अवस्था होती. संस्थेच्या मुख्य अधिकारी जूनमध्येच पदावरून गेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये आरोग्यमंत्र्यांनाही राजीनामा द्यावा लागला.

महालेखापरीक्षक तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी मंत्रालय, आरोग्य संस्था आणि काही रुग्णालये घेऊन सल्लागारांवरचा खर्च पुन्हा तपासला. स्पर्धा न करता काम देणे, करार मागाहून वाढवत नेणे, तपशील नसलेली बिले भरणे हेच प्रकार रुग्णालयांतही आढळले. त्याच वर्षी तिथे नवा कायदा झाला. रुग्णालयांनी सल्लागारांच्या वापराचा अहवाल द्यावा, वरिष्ठांचा प्रवास-भोजनाचा खर्च लोकांसाठी प्रसिद्ध करावा, अशी बंधने आली. १ जानेवारी २०१२ पासून तिथली रुग्णालयेही माहितीच्या कायद्याखाली आली.

इंग्लंडमध्येही कोरोनाच्या काळात असेच प्रश्न उठले. तिथे चाचण्या आणि संपर्कशोधाच्या कामासाठी दोन वर्षांना ३७ अब्ज पौंडांची तरतूद होती. संसदेच्या लोकलेखा समितीने २०२१ मध्ये सल्लागारांवरच्या अति अवलंबनाबद्दल सरकारला धारेवर धरले. सल्लागाराचा सरासरी दर दिवसाला सुमारे १,१०० पौंड होता.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. कोणीतरी कागद मागितला, म्हणून हिशेब उघडा पडला.

आपल्या घरांशी याचा संबंध काय?

पहिला संबंध पैशाचा. मीठ-साखरेपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत आपण जे जे विकत घेतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर कर भरतो. सरकारी दवाखाना फुकट नाही. त्याचे पैसे आपण आधीच दिलेले असतात.

दुसरा संबंध रिकाम्या जागांचा. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, मार्च २०२२ पर्यंतच्या काळाचा स्वतंत्र अहवाल दिला आहे. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञांच्या रिकाम्या पदांवर त्यात बोट ठेवले आहे. जागा रिकाम्या राहिल्या की काम अडते. काम अडले की बाहेरची माणसे घेण्याची गरज निर्माण होते. बाहेरची माणसे आली की जागा भरण्याची निकड कमी होते. ओंटारियोतल्या तीस आणि तीनशेचा हिशेब असाच तयार झाला.

तिसरा संबंध आपल्या मुला-मुलींचा. सरकारी पद निघाले की बिंदुनामावली लागते; अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग यांच्या जागा त्यात राखीव असतात. सल्लागार कंपनीशी झालेला करार ही पदभरती नसते, म्हणून त्याला बिंदुनामावली लागत नाही. जे काम खात्यातल्या कायम पदावरून झाले असते, ते करारावर गेले की त्या कामासोबत राखीव जागाही जाते, आणि जाताना आवाज होत नाही. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामासाठी कंत्राटी मनुष्यबळ घ्यायचे ठरले, तेव्हा राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तो निर्णय उघड होता म्हणून विरोध करता आला. सल्लागारांचे करार सुटे सुटे, एकेका फायलीत होतात. त्यांची यादी कोणी मागितल्याशिवाय समोर येत नाही.

हिशेब विचारणे ही धम्माची रीत आहे

वस्तीत एक संकोच असतो. साहेबांना हिशेब विचारायचा म्हणजे भांडण ओढवून घ्यायचे, उद्या त्याच दवाखान्यात जायचे आहे, असे वाटते. हा संकोच घालवायला विनयपिटकातल्या चुल्लवग्गातली एक कथा उपयोगी आहे.

कोसंबीचा राजा उदेन. त्याच्या राजवाड्यातील स्त्रियांनी भदंत आनंदांचा उपदेश ऐकला आणि त्यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. एक भिक्खू इतक्या वस्त्रांचे करणार काय? व्यापार करणार की दुकान मांडणार? तो आनंदांकडे गेला आणि त्याने सरळ विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटू. राजाने विचारले, मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांचे पायपुसणे, पायपुसण्याचे झाडायचे फडके, आणि फडके झिजले की ते कुटून मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

या कथेत विचारणारा राजा रागावून आला होता, पण उत्तर देणारा रागावला नाही. आपल्यावर संशय कसा घेता, असे आनंद म्हणाले नाहीत. शेवटच्या चिंधीपर्यंतचा हिशेब त्यांनी दिला आणि त्या हिशेबाने विश्वास वाढला. संघाचे भांडार सांभाळणारा भिक्खू निवडताना तो लोभ, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी जाणारा नसावा, अशी अट विनयात आहे. दुसरे शील आपण रोज म्हणतो, न दिलेले घेणार नाही. जनतेने औषधासाठी दिलेला पैसा भलत्याच कामाला गेला, तर तो न दिलेले घेण्यातच जमा होतो.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ चा, आणि ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरचा १९२५ चा. सरकारने पैसा कुठून आणला आणि कुठे घातला हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. मे १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद हे संविधानातले बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे सांगितले होते. सरकारी खर्चाला लावायच्या तीन कसोट्या त्यांच्या अर्थविचाराचे अभ्यासक सांगतात : निष्ठा, शहाणपण आणि काटकसर. पैसा ज्यासाठी दिला त्याच कामाला गेला का, ही निष्ठा. ते काम करण्यासारखे होते का, हे शहाणपण. आणि तेच काम कमी पैशात झाले असते का, ही काटकसर.

आपले पाच प्रश्न

या तीन कसोट्यांवरून सल्लागाराच्या कोणत्याही कराराला पाच प्रश्न विचारता येतात. ते वहीत लिहून ठेवा.

१. काम काय होते आणि ते खात्यातल्या माणसांकडून का झाले नाही? त्या कामाचे पद मंजूर आहे का, आणि असल्यास किती दिवस रिकामे आहे?

२. नेमणूक कशी झाली? जाहिरात किंवा निविदा निघाली का, किती जण आले, की एकालाच बोलावून काम दिले? केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार घेण्याची रीत दिली आहे. एकालाच नेमून काम देणे हे अपवाद म्हणून आणि कारण लिहूनच करायचे असते.

३. दर काय आणि आजवर किती दिले? मूळ करार कितीचा होता, नंतर किती वेळा वाढवला? प्रवास, मुक्काम, भोजन वेगळे दिले का?

४. हातात काय आले? अहवाल, आराखडा, संगणक प्रणाली, प्रशिक्षण यांपैकी काय? त्याची प्रत कुठे आहे?

५. त्याचे पुढे काय झाले? सल्ला अमलात आला का? दवाखान्यात येणाऱ्या माणसाला त्याचा कोणता उपयोग झाला?

चौथा आणि पाचवा प्रश्न लोक विसरतात. किती पैसे दिले एवढेच विचारून थांबतात आणि आकडा ऐकून संतापतात. मोठी रक्कम देऊनही काम चोख झाले असेल, तर तक्रारीला जागा नाही. थोडी रक्कम देऊन घेतलेला अहवाल कपाटात धूळ खात पडला असेल, तर ती थोडी रक्कमही वाया गेली.

कागद कुठे मिळतील?

काही कागद न मागताही मिळतात. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात. त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांचे वेतन आणि अंदाजपत्रकही येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात राज्याला कोणत्या कामासाठी किती निधी मंजूर झाला, याचे कार्यवृत्त अभियानाच्या संकेतस्थळावर असते. कामाला लोक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आरओपी' म्हणतात. ते इंग्रजीत आणि कोष्टकांत असते. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलामुलींना ते उघडायला सांगा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तासाभरात वाट सापडते. महापालिकेचे अंदाजपत्रकही संकेतस्थळावर असते. सरकारी निविदा 'महाटेंडर्स'वर पाहता येतात.

बाकीचे मागावे लागतात. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज 'जोडपत्र अ' या नमुन्यात करतात. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत असावा. माहिती का हवी याचे कारण सांगण्याची गरज नाही. विचारले तरी देऊ नका. अर्जाचा मजकूर असा करता येईल :

"प्रति, जन माहिती अधिकारी, (कार्यालयाचे नाव व पत्ता). विषय : बाह्य सल्लागारांवरील खर्च. कालावधी : १ एप्रिल (वर्ष) ते ३१ मार्च (वर्ष). या कालावधीत आपल्या कार्यालयाने नेमलेल्या सर्व सल्लागार व्यक्ती व संस्थांबाबत पुढील माहितीच्या प्रती द्याव्यात : (१) सल्लागाराचे नाव, काम व नेमणुकीचा आदेश. (२) निविदा किंवा निवडीच्या कार्यवाहीची टिपणी. (३) करारनामा व मुदतवाढीचे आदेश. (४) अदा केलेल्या रकमांचा तारीखवार तपशील. (५) सल्लागाराने सादर केलेले अहवाल. प्रती देण्यापूर्वी मला अभिलेखाचे निरीक्षण करू द्यावे."

शेवटचे वाक्य जरूर लिहा. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात. हजार पानांचे पत्र आले तर घरातले बजेट कोलमडेल. आधी फाइल पाहायची आणि लागतील तेवढीच पाने मागायची. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे राज्य शासनाने २०१८ मध्ये सांगितले आहे. जाण्याआधी त्या कार्यालयात चौकशी करा.

अर्ज दिल्यावर पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

एक उत्तर बहुधा येईल : हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे. कायद्यात अशी सूट आहे हे खरे. पण व्यापक जनहित असेल तर गुपिताची माहितीही देता येते, असे त्याच कलमात म्हटले आहे. शिवाय कलम १० नुसार गुपिताचा भाग झाकून उरलेला कागद द्यायचा असतो. सरकारने जनतेच्या पैशातून किती रक्कम दिली, हे गुपित कसे, असे अपिलात नम्रपणे विचारा.

काही सांभाळायच्या गोष्टी

अर्ज एकाच्या नावाने जातो, पण काम एकट्याचे ठेवू नका. विहारात बसून अर्ज लिहा, दोघे-तिघे मिळून द्यायला जा, सगळ्या कागदांची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवा.

दवाखान्यातल्या सिस्टरवर, डॉक्टरांवर, आशाताईंवर आवाज चढवू नका. सल्लागार त्यांनी नेमलेला नसतो. जागा रिकाम्या राहिल्याचा त्रास त्यांनाही तेवढाच होतो. विश्वासात घेतले तर कोणत्या कामासाठी बाहेरची माणसे येऊन गेली, हे तेच सांगतील.

कागद हातात येण्याआधी कोणाला चोर म्हणू नका. कागद आल्यावरही जेवढे त्यात लिहिले आहे तेवढेच बोला. सम्यक वाचा इथेही लागते. आकडा फुगवून मोबाइलवर पाठवला, तर खरा आकडाही खोटा ठरतो.

आणि सुरुवात घरापासून करा. १४ एप्रिल झाली की जयंती मंडळाचा हिशेब विहारात वाचला जातो : वर्गणी किती, मंडपवाल्याला किती, भोजनदानाला किती, शिल्लक किती. पावती पुस्तकाचा शेवटचा क्रमांक जुळला नाही तर आजीबाई सुद्धा उठून विचारतात. शहरी आरोग्य अभियानात ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा निधी असतो. आपल्या वस्तीतली समिती कोणती, तिच्या बैठका होतात का, हे पाहा. आपल्या उपासिका त्या समितीत असतील तर त्या ५,००० रुपयांचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लावा. मग महापालिकेला तिच्या कोटींचा हिशेब विचारताना आपला आवाज कापणार नाही.

रविवारच्या बैठकीसाठी

वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. हा पाठ कोणीतरी मोठ्याने वाचावा आणि पुढील चार गोष्टींवर बोलावे.

१. गेल्या सहा महिन्यांत आपल्यापैकी कोणाकोणाला औषध किंवा तपासणी बाहेरून करावी लागली? कोणत्या दवाखान्याने सांगितले आणि किती खर्च आला? वहीत लिहा.

२. आपला दवाखाना कोणाच्या ताब्यात आहे : महापालिका, जिल्हा परिषद, राज्याचे आरोग्य खाते की वैद्यकीय शिक्षण खाते? अर्ज कोणाकडे करायचा ते यावरून ठरेल.

३. भदंत आनंदांनी राजाला दिलेल्या उत्तरात निष्ठा, शहाणपण आणि काटकसर या तीन कसोट्या कुठे कुठे दिसतात?

४. पहिला अर्ज कोण लिहिणार, आणि सोबत कोण जाणार? नावे आजच ठरवा.

एका अर्जाने दवाखान्याचे कपाट औषधांनी भरणार नाही. पण सल्लागाराच्या बिलाकडे वस्तीतून कोणी पाहत आहे, हे त्या कार्यालयाला कळेल, आणि पुढचे बिल मंजूर करताना एक टिपणी जास्त लिहावी लागेल. उत्तराची प्रत हातात आली की आम्हाला जरूर पाठवा. ती कशी वाचायची, याचा पाठ आपण मिळून याच पानावर करू.

नमो बुद्धाय. जय भीम.